अण्णांच्या खोलीसाठी पोर्टेबल एसी घ्यावा का?

पत्र: आम्ही परभणीत भाड्याच्या घरात राहतो. दुसरा मजला, वर थेट गच्ची. माझ्या सासऱ्यांना (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आता ते पलंगावरच असतात. त्यांची खोली दहा बाय बारा, पश्चिमेला खिडकी, तिला गज आणि सरकत्या काचा. मागच्या उन्हाळ्यात कूलर लावला होता. पण नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, टँकरचं विकतचं पाणी कूलरमध्ये ओतायचं जिवावर येतं. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. ह्यांची बँकेची बदलीची नोकरी, दोन वर्षांत घर सोडावं लागेल. म्हणून पाडव्याला पोर्टेबल एसी घ्यावा असं ठरवतोय. चाकांवरचा असतो, तोडफोड नको. दुकानदार म्हणतो एक टन पुरे. मोबाईलवर तर अडीच हजारांचाही दिसतो. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक भगिनी, परभणी

ताई,

अण्णांच्या खोलीत या उन्हाळ्यात गारव्याची पक्की सोय हवीच, त्यात चालढकल करू नका. कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत लागते अशा म्हाताऱ्या माणसाला परभणीचा मे महिना जिवावर बेतू शकतो. खोलीतली हवा ४० अंशांच्या पुढे गेली की पंखा अंगावर गरम हवाच मारतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे की ४० च्या वर पंख्यावर भिस्त ठेवू नये. तेव्हा खर्च करायचा हे पक्कं धरू आणि तो कशावर करायचा ते बघू. माझं मत असं की पोर्टेबल एसी तुमच्या यादीत तिसरा असावा. त्याच्या आधीच्या दोन वाटा खरोखर बंद आहेत का, ते एकदा तपासा. त्या बंदच निघाल्या तर पोर्टेबल घ्या, पण तो कसा निवडायचा आणि कसा बसवायचा हे नीट समजून घ्या, कारण तो जितका सोपा दिसतो तितका नाही.

मोबाईलवरच्या अडीच हजारांच्या खोक्याचा विषय आधी संपवू. त्यात कॉम्प्रेसर नसतो. लहानसा पंखा, एक ओली जाळी आणि यूएसबीची वायर, एवढाच ऐवज. खरा पोर्टेबल एसी पंचवीस-तीस किलोंचा असतो, त्याला पाच-सहा इंच जाडीची नळी असते आणि ती नळी खिडकीबाहेर काढावीच लागते. खोलीतली उष्णता बाहेर गेल्याशिवाय खोली गार होत नाही. ज्याला बाहेर जाणारी नळी नाही तो एसी नव्हे, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. काही दुकानांत उभा टॉवर कूलरही ‘पोर्टेबल एसी’ म्हणून दाखवतात. तिथेही पहिली नळीच विचारा.

आता खऱ्या पोर्टेबलची गोष्ट. स्प्लिटमध्ये तापणारा भाग घराबाहेर असतो. विंडोमध्ये अर्धं यंत्र खिडकीबाहेर असतं. पोर्टेबलमध्ये मात्र कॉम्प्रेसर, गार होणारी जाळी, तापणारी जाळी सगळं एकाच खोक्यात, आणि ते खोकं खोलीच्या आत. तापलेली जाळी थंड ठेवायला हवा लागते. एका नळीचं यंत्र ही हवा खोलीतूनच ओढतं, तापवतं आणि नळीतून बाहेर फेकतं. म्हणजे वीज जाळून गार केलेली हवाच घराबाहेर जाते. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच. दाराखालून, काचांच्या फटींतून, झरोक्यातून. आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता परभणीत बाहेरची हवा ४२ अंशांची असते. विहिरीचा उपसा चालू असताना झरेही तितक्याच जोरात भरत राहावेत, तसं हे काम चालतं.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून हिशेब मांडतो. तुमच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. १ टनाचं एका नळीचं यंत्र तासाला ३०० घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकतं. म्हणजे तासाभरात खोलीतली सगळी हवा आठ-नऊ वेळा बदलते. ४२ अंशांवरून आत आलेली तेवढी हवा २६ अंशांवर आणायलाच दीड किलोवॉट गारवा लागतो. आणि १ टन म्हणजे एकूण साडेतीन किलोवॉट गारवा (यंत्र ओढतं ती वीज याहून वेगळी आणि कमी). जवळजवळ अर्धं बळ फक्त आत घुसणाऱ्या हवेशी झुंजण्यात गेलं. छत, भिंती आणि खोलीतून जाणारी ती तापलेली नळी यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं म्हणूनच पोर्टेबलसाठी वेगळी मोजणी ठरवली, तिच्यात बाहेरून घुसणारी हवा आणि नळीची उष्णता वजा होते. तिथे जुन्या पद्धतीनं १४,००० बीटीयू (हेही गारव्याचंच माप) म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावर नव्या पद्धतीचा आकडा ८ ते १० हजारांचा दिसतो. १ टन म्हणजे १२,००० बीटीयू. आपल्याकडे खोक्यावर टनाचाच आकडा ठळक असतो, त्यामुळे ‘एक टन पुरे’ हे दुकानदाराचं बोलणं स्प्लिटच्या टनाला लागू पडतं, पोर्टेबलच्या टनाला पडत नाही.

किंमतही तोलून बघा. बऱ्या कंपनीचा १ टनाचा पोर्टेबल तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो. तेवढ्या पैशांत १ टनाचा विंडो एसी किंवा साधा ३ स्टारचा स्प्लिट येतो, आणि दोन्ही त्याच विजेत जास्त गारवा देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानात जुना माल असेल तर जुन्या छापील किमतीवरून सूट दाखवतील. बिलावरचा कर १८ टक्केच आहे ना, ते बघून घ्या.

आता त्या दोन वाटा.

पहिली वाट घरमालकांशी पुन्हा बोलण्याची. त्यांची हरकत भिंतीच्या भोकाला आहे, एसीला नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मग भोक न पाडता स्प्लिट बसवता येतो हे त्यांना सांगा. खिडकीची एक सरकती काच काढून त्या जागी प्लायवूडची किंवा अ‍ॅक्रेलिकची फळी बसवायची आणि तांब्याच्या नळ्या, वायर, पाण्याची नळी त्या फळीतून, गजांमधून बाहेर काढायची. तुमच्या डोक्यावर लगेच गच्ची आहे, तेव्हा बाहेरचं यंत्र गच्चीवर लोखंडी स्टँडवर राहील, भिंतीवर लटकवायचं कारण नाही. भिंतीला लागतील ते फक्त आतल्या यंत्राच्या पट्टीचे चार-सहा स्क्रू. ते घर सोडताना पुट्टीनं बुजतात. पाण्याची नळी उताराची राहिली पाहिजे, म्हणून आतलं यंत्र खिडकीच्या वर किंवा शेजारीच घ्यावं लागेल, एवढं बंधन. नळी तीन मीटरपेक्षा लांब लागली तर जादा नळीचे पैसे वेगळे पडतात, ते आधी ठरवा. बदली झाली तरी स्प्लिट सोबत नेता येतो. जाणता मेकॅनिक नळ्या सोडण्याआधी सगळा गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून घेतो आणि मगच ते उतरवतो. या काढण्या-बसवण्याला दोन-तीन हजार जातील, पण दोन उन्हाळ्यांच्या विजेत ते भरून निघतात. मालकांना हे सगळं लिहून द्या, घर सोडताना डागडुजी आमच्या खर्चानं असं त्यात घाला. आणि जमलं तर त्यांना एकदा अण्णांच्या खोलीत दुपारी बोलवा. खोली बघून माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी वाट विंडो एसीची. तुमच्या गजांची चौकट भिंतीत पक्की चिणलेली आहे की स्क्रूवर बसवलेली, ते बघा. स्क्रूवर असेल तर ती उतरवून जपून ठेवायची आणि वेल्डिंगवाल्याकडून एसीपुरती अँगलची चौकट करून घ्यायची. यंत्र चाळीस-पन्नास किलोंचं असतं, तेव्हा खालून आधार पक्का हवा. आवाज करतं, पण त्याचा कॉम्प्रेसर निदान खिडकीच्या पलीकडे राहतो.

आणि कूलर? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ४२ अंशांच्या दुपारी चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, विजेचा खर्च पंख्यापेक्षा थोडाच जास्त. मराठवाड्याच्या हवेला त्याच्याइतकं मानवणारं यंत्र नाही. पण मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे दिवसाला ऐंशी लिटर पाणी हवेत उडवायचं तुमच्या जिवावर येतं हे मला पुरतं कळतं. शिवाय मृगाच्या आगेमागे हवा दमट झाली की कूलर फक्त अंथरूण ओलसर करतो, आणि पलंगावरच्या माणसाच्या पाठीला ओलसर चादर चांगली नाही. त्यामुळे तुम्ही कूलर सोडला यात काही चुकलेलं नाही.

यातली कोणतीही वाट घ्या, त्याआधी छताचं बघा. तुमच्या खोलीचं खरं दुखणं तिथे आहे. उघडा स्लॅब मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांच्या घरात तापतो. ती उष्णता सिमेंटमधून खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून बाहेर वारा सुटल्यावरही संध्याकाळी सात-आठ वाजता खोली भाजत असते आणि मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. एसी कुठलाही असो, तो आधी त्या छताशी झगडणार. गच्ची झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात मारून घ्या. रंगाच्या दुकानात चुन्यात मिसळायचा गोंद मिळतो, तो घातला की चुना पहिल्या वाऱ्यात उडत नाही. खर्च अगदी थोडा, आणि चुन्याला घरमालक सहसा नाही म्हणत नाहीत. अहमदाबाद महापालिकेनं २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरं करण्याचं काम त्यात घेतलं, ते उगाच नव्हे.

चुन्याच्या वर सावली करता आली तर फारच उत्तम. रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेट अण्णांच्या खोलीएवढ्या भागावर ताणून बांधा. ती स्लॅबवर अंथरायची नाही. दोन-तीन फूट उंचावर बांबू किंवा पाइप रोवून वर ताणायची, म्हणजे खालून हवा खेळते. वळवाच्या वादळात ती पतंगासारखी जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी दोऱ्या घट्ट हव्यात. खेड्यात पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकतात तसं शहरात करू नका, एखादी ठिणगी पुरते. पश्चिमेच्या खिडकीलाही सावली बाहेरूनच द्या, बांबूची चिक किंवा नेटचा तुकडा. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून फार काही वाचत नाही.

एवढं करूनही घरमालक अडूनच बसले, तर पोर्टेबल घ्या. मन खट्टू करून घेऊ नका. आतापर्यंत त्याचे दोषच सांगितले, पण नीट बसवला तर तो अण्णांची खोली राहण्याजोगी ठेवतो. फक्त अपेक्षा खरी ठेवा. चुना, सावली आणि फटी बंद या तिन्ही गोष्टी केल्यावर १ टनाच्या पोर्टेबलनं भर दुपारी तुमची खोली २८-२९ अंशांवर राहिली तर त्यानं आपलं काम चोख केलं असं समजा. मंद पंख्यासोबत तेवढं अण्णांना पुरेसं आहे. रिमोटवर १८ लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, यंत्र तेवढंच चालतं, थांबत मात्र नाही. २६ वर ठेवा.

निवडताना दोन नळ्यांचं मॉडेल मिळतं का ते आधी विचारा. त्यात तापणाऱ्या जाळीसाठीची हवा एका नळीनं बाहेरून येते आणि दुसऱ्या नळीनं बाहेर जाते, खोलीतली गार हवा खोलीतच राहते. आपल्या बाजारात असं मॉडेल क्वचित दिसतं. मिळालं आणि त्याची सर्व्हिस जवळपास असली तर थोडे जास्त पैसे पडले तरी तेच घ्या. एका नळीचंच घ्यायचं झालं तर दीड टनाचं बघा; नाहीच मिळालं तर १ टन. स्प्लिट आणि विंडोवर असतं तसं स्टारचं लेबल पोर्टेबलवर बहुतेक दिसणार नाही, तेव्हा मागच्या पट्टीवर वीज किती वॉट आणि गारवा किती वॉट हे दोन आकडे वाचा. गारव्याच्या आकड्याला विजेच्या आकड्यानं भागा. जिथे उत्तर मोठं, ते यंत्र काटकसरी.

माहितीपुस्तकात आणखी एक आकडा शोधा: यंत्र किती अंशांपर्यंतच्या हवेत चालतं. बऱ्याच पोर्टेबलवर तो ३५ असतो, काहींवर ४३ च्या पुढे. तुम्हाला दुसऱ्या प्रकारातलं हवं. ३५ वाल्याला दुपारी दोन वाजता तापलेल्या खोलीत चालू केलं तर कॉम्प्रेसर धापा टाकून बंद पडतो आणि तुम्हाला वाटतं यंत्रच बिघडलं. कोणतंही घेतलं तरी सकाळी नऊ-साडेनऊला, खोली अजून निवलेली असतानाच चालू करा. तापलेली खोली गार करण्यापेक्षा गार खोली तापू न देणं त्याला झेपतं.

तो कॉम्प्रेसर अण्णांच्या खोलीतच धडधडणार आहे, हे विसरू नका. दुकानात गर्दीत आवाज कळत नाही, म्हणून शटर उघडल्या उघडल्या सकाळी जा आणि यंत्र दहा मिनिटं चालवून शेजारी उभं राहून ऐका. रात्री मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा उतरली की यंत्र बंद करून खिडकी उघडता येते, अण्णांना तेवढी शांत झोप मिळेल.

नळीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ती खोलीत तव्यासारखी तापते. जितकी आखूड आणि सरळ तितकं बरं, तिला जोड देऊन लांब करायची नाही. तांब्याच्या नळ्यांवर चढवतात तसल्या काळ्या रबरी शीटनं किंवा चंदेरी बबल शीटनं तिला गुंडाळून घ्या. सोबत येणारी प्लॅस्टिकची पट्टी सरकत्या काचेच्या मापाची असते खरी, पण आपल्या खिडक्यांना ती क्वचितच बरोबर बसते आणि बोटभर फट राहते. सुतार बोलावून काचेच्या जागी मापाची फळी करून घ्या, तिला नळीच्या तोंडाएवढं भोक, कडेनं फोमची चिकटपट्टी. नळीचं चपटं तोंड गजांच्या मधून बाहेरच्या मोकळ्या हवेत निघालं पाहिजे. जिन्यात, बंद डक्टमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीवर ती गरम हवा सोडू नका.

फटी बंद करा म्हणालो, पण हवा बाहेर जातेय तोवर कुठून तरी आत येणारच. ती कुठून येऊ द्यायची, हे मात्र आपल्या हातात आहे. खिडकी, झरोका, बाहेरचं दार हे पक्कं बंद करा, आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीकडचं दार, बहुधा उत्तरेकडचं किंवा मधल्या खोलीचं, खालून जरासं मोकळं ठेवा. मग यंत्र ४२ अंशांच्या ऐवजी ३५-३६ अंशांची हवा ओढेल, वर मांडलेल्या हिशेबातलं बरंचसं बळ वाचेल. खोलीला लागून संडास-न्हाणी असेल तर तिच्या जाळीत रोज तांब्याभर पाणी ओतत जा. नाहीतर जाळीखालच्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून (पाणी साचून राहतं त्या वळणातून) गटाराचा वास आत ओढला जातो. आणि दारापलीकडे स्वयंपाकघर असेल तर फोडणीच्या वेळी ते दार लावून घ्या, अण्णांना ठसका लागेल.

पाण्याचा त्रास एप्रिल-मेमध्ये फारसा होणार नाही, हवाच कोरडी. पाऊस सुरू झाला की टाकी भरते आणि यंत्र शिट्टी देऊन थांबतं, तेव्हा मागची पाण्याची नळी लावून ते बादलीत सोडा. यंत्राची हवा गाळणारी जाळी आठवड्याला धुवा, परभणीची काळ्या मातीची धूळ तिला फार लवकर बुजवते. गॅस कोणता आहे ते पट्टीवर असतं. आर-२९० असेल तर तो जळणारा गॅस आहे. यंत्र किती मोठ्या खोलीत वापरायचं हे पुस्तकात दिलेलं असतं, ते पाळा आणि दुरुस्ती कंपनीच्या माणसाकडूनच करा.

सर्व्हिसचं उत्तर परभणीतून मिळतं की ‘नांदेडहून माणूस येईल’ असं सांगतात, हे घेण्याआधी विचारून लिहून घ्या. मे महिन्यात चार दिवस वाट बघणं तुम्हाला परवडणारं नाही. याच कारणासाठी हे यंत्र ऑनलाइन मागवण्यापेक्षा गावातल्या दुकानातून घ्यावं असं मी म्हणेन, हजार-पाचशे जास्त गेले तरी.

आता वीज. १ टनाचं पोर्टेबल साधारण १.२ ते १.४ किलोवॉट ओढतं. त्याला जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट, बोर्डापासून थेट वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र लावूच नका, वायर वितळून आग लागते आणि अण्णा स्वतःहून उठू शकत नाहीत. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं. व्होल्टेज संध्याकाळी फार पडत असेल तर वेळ थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर लावा. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. तो १ किलोवॉटच्या आसपास असेल तर घरमालकांच्या संमतीनं वाढवून घ्या.

रोज आठ-नऊ तास चालवलं तर दिवसाला दहा युनिटच्या आसपास, म्हणजे महिन्याला तीनशे युनिट वाढतील. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. टप्पा ओलांडला की सगळ्या युनिटला चढा दर लागतो असं पुष्कळांना वाटतं; तसं नसतं, वरच्या युनिटलाच वरचा दर लागतो. घरमालक सबमीटरवर स्वतःच्या दरानं पैसे घेत असतील तर तो दर आत्ताच ठरवून ठेवा.

वीज जाणार, हे धरूनच चाला. घरचा इन्व्हर्टर हे यंत्र ओढणार नाही, तो पंख्यासाठी राखा. वीज गेली की खोलीचं दार-खिडकी लगेच उघडू नका, बंद खोली तासभर तरी गारवा धरते. त्यापुढे ओलं फडकं मान, काखा आणि मांड्यांच्या सांध्यांवर ठेवा आणि पंखा सुरू ठेवा.

अण्णांच्या पलंगाशी एक साधं तापमापक टांगा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. झटका आलेल्या आणि वय झालेल्या माणसाला उकाडा आणि तहान दोन्ही नीट कळत नाहीत, कळलं तरी सांगता येत नाही. म्हणून त्यांना विचारून ठरवू नका, आकडा बघून ठरवा. ३० च्या वर गेला की काहीतरी करायची वेळ झाली. यंत्राचा झोत थेट अंगावर नको, भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. पाणी ठरावीक वेळानं देत राहा, मात्र गिळायला त्रास असेल तर किती आणि कसं हे डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात बदलाव्या लागतात का, हेही मार्चमध्येच विचारून घ्या. अंग तापलेलं, कातडी कोरडी आणि बोलण्यात भलताच गोंधळ दिसला तर तो जुन्या आजाराचाच भाग असेल असं समजून थांबू नका. अंगावर पाणी टाकत १०८ ला फोन करा.

पाडव्याला यंत्र घरी आलं की त्याला उभंच ठेवा आणि निदान चार-सहा तासांनी सुरू करा, आणताना आडवं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी. मग त्याच आठवड्यात एका दुपारी बारा ते पाच सलग चालवून बघा: फळीच्या कडेनं हवा येते का, प्लग गरम होतो का, तापमापक किती खाली आलं. चूक सापडली तर मार्चमध्ये दुकानदार आणि सुतार दोघंही मोकळे असतात. आणि त्या दुपारचा तापमापकाचा आकडा मला कळवा. चुन्यासकट २९ च्या खाली आला नाही, तर घरमालकांना कसं पटवायचं त्यावर पुन्हा बोलू.